बाराची नळी आणि तेहतीस ग्रॅम छर्रे

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात लिहिलं होतं, की माझे वडील मालवणात परवाना घेऊन बंदुका दुरुस्त करायचे. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली, आणि जवळजवळ सगळी कोकणातली. पुढे मी सदतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. त्यातलं पुष्कळसं मला आधी बाबांच्या बाकावर कळलं होतं, पुस्तकात नंतर सापडलं. म्हणून या वेळचं सदर सगळं याच विषयाला दिलं आहे.

देवगडहून एक बागायतदार विचारतात: आमच्या घरी आजोबांच्या वेळची शेतीसंरक्षणाची बारा बोअरची दुनळी आहे. परवाना आता माझ्या नावावर आहे. हे 'बारा' म्हणजे नेमकं काय? नळीचं तोंड मोजलं तर साडेअठरा मिलिमीटर भरतं. दुसरं, काका नेहमी म्हणतात की जास्त छर्ऱ्यांचं जड काडतूस असलं की मारा लांब जातो. हे खरं आहे का?

बारा हे नळीच्या रुंदीचं माप नाही, ती मोजदाद आहे. एक पौंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम शिसं घ्या आणि त्याचे बारा सारखे गोळे करा. प्रत्येक गोळा ३७.८ ग्रॅमचा होईल आणि त्याचा व्यास भरेल १८.५ मिलिमीटर. तो गोळा ज्या नळीत बरोबर बसतो ती बाराची नळी. सोळा गोळे केले तर ते लहान होणार, म्हणून सोळाची नळी बाराहून बारीक आणि वीसची त्याहून बारीक. आकडा वाढतो तशी नळी अरुंद होते ती यामुळे.

आता काकांचं म्हणणं. बाबांच्या बाकावर काचेची एक नळी असायची, आतून बरोबर बाराच्या मापाची. गिऱ्हाईक 'जड काडतूस द्या' म्हणालं की बाबा वाद घालत नसत. ते काचेच्या नळीत छर्रे ओतायचे. छर्ऱ्यांच्या थराची उंची नळीच्या रुंदीइतकी झाली की हात थांबवायचे. मग तेवढे छर्रे सोनाराच्या तराजूत घालायचे. काटा तेहतीस ग्रॅमच्या आसपास स्थिरावायचा. मग म्हणायचे, "ह्या नळीचो घास एवढोच."

जितकी रुंदी तितकीच उंची, अशा भरण्याला इंग्रज कारागीर 'चौरस' भरणं म्हणत. कॉलेजात गेल्यावर मी हा हिशेब कागदावर करून पाहिला, तेव्हा मला फार आनंद झाला होता. आर्किमिडीजने दाखवलं आहे, की एखाद्या गोळ्याला जेमतेम सामावून घेणारी वृत्तचिती घेतली तर गोळा तिची दोन तृतीयांश जागा व्यापतो. तीच चिती बारीक छर्ऱ्यांनी भरली तर फटी जाऊन साठ टक्क्यांच्या आसपास जागा शिशाने भरते. म्हणजे चौरस भरलेल्या छर्ऱ्यांचं वजन त्या नळीच्या एका गोळ्यापेक्षा थोडंसंच कमी. गोळा ३७.८ ग्रॅमचा, छर्रे तेहतीस-चौतीस ग्रॅमचे. नळीच्या नावातच तिचा घास लिहिलेला आहे.

पण त्याहून जास्त भरलं तर बिघडतं काय? बिघडतात ते छर्रेच. दारू पेटली की मिलिसेकंदात छर्ऱ्यांचा अख्खा थर शून्यावरून सेकंदाला चारशे मीटरच्या जवळ जातो. थर जितका उंच, तितका वरच्या छर्ऱ्यांचा भार खालच्यांवर. शिसं मऊ, ते चेपतं. कडेचे छर्रे नळीला घासून एका बाजूने सपाट होतात, आणि थर उंच असला की असे घासणारे छर्रेही वाढतात. चेपलेला छर्रा हवेत सरळ जात नाही. तो भरकटतो नाहीतर मागे रेंगाळतो. त्यामुळे जड काडतुसातून छर्रे जास्त सुटतात खरे, पण त्यांचा पुंजका विस्कटतो आणि लांबीतही ताणला जातो.

हे मी ऐकून सांगत नाही, मोजलं आहे. बंदूक दुरुस्त झाली की बाबा ती कागदावर पारखत. चाळीस यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, मोठा कागद ताणून लावायचा, बार काढायचा, मग जिथे भोकं दाट असतील तिथे तीस इंच व्यासाचं वर्तुळ आखून आतली भोकं मोजायची. ही पारखायची जुनी सर्वमान्य रीत आहे. सरळ नळीचे शंभरातले चाळीसच्या आसपास छर्रे वर्तुळात येतात, तोंडाशी पुरती आवळलेल्या नळीचे सत्तरच्या आसपास. मोजायचं काम माझं होतं. प्रत्येक भोकाला पेन्सिलीने टिंब करत जायचं, म्हणजे दोनदा मोजलं जात नाही. जड काडतुसाच्या कागदावर एकूण भोकं जास्त असायची, पण मधेच तळहाताएवढी जागा कोरी राहायची. बाबा त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवायचे. बंदुकीचं काम बरोबर त्या जागी हुकतं, आणि जनावर जखमी होऊन रानात जातं. ही गोष्ट त्यांना फार लागायची.

याला उपाय निघाले ते वजन वाढवून नव्हे. १७८२ मध्ये ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स या प्लंबरने वितळलेलं शिसं चाळणीतून उंचावरून पाण्यात सोडून गोल छर्रे पाडायचं पेटंट घेतलं. पुढे शिशात अँटिमनी घालून छर्रे कडक केले गेले. १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या चाचण्यांत तोंडाशी आवळलेल्या नळ्या सरळ नळ्यांपेक्षा सरस ठरल्या. विसाव्या शतकात काडतुसात प्लॅस्टिकची वाटी आली आणि कडेचे छर्रे नळीला घासायचे वाचले. यातल्या बहुतेक सुधारणांनी छर्रा गोल ठेवला. गोल राहिलेला छर्राच लांब जातो.

आणि खांदा? ३२ ग्रॅमऐवजी ४० ग्रॅम छर्रे त्याच वेगाने सोडले तर भार सव्वापट होतो, पण बंदुकीच्या मागे येण्यातली ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. म्हणूनच ग्रीनर या इंग्रज बंदूककाराने आडाखा दिला होता, की बंदूक छर्ऱ्यांच्या शहाण्णव पट जड असावी. एक आणि एक अष्टमांश औंस छर्रे, म्हणजे ३२ ग्रॅम, तर बंदूक पावणेसात पौंडांची, म्हणजे तीन किलोच्या थोडी वर. तुमच्या दुनळीचं वजन करून पाहा. बहुधा त्याच्या आसपासच भरेल, कारण ती बनवणाऱ्याने हा तोल मनात धरूनच लाकूड तासलेलं असतं.

एक गोष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार वनखात्याच्या परवानगीशिवाय डुक्कर मारता येत नाही. काकांनाही हे सांगा.

गुहागरहून एक वाचक: वाडीच्या मागच्या काजूच्या बागेत रात्री बार काढले जातात. छर्रे घरापर्यंत येऊ शकतात का?

हो, येऊ शकतात. जुर्ने नावाच्या फ्रेंच सेनाधिकाऱ्याने बसवलेला एक आडाखा आजही वापरतात. छर्ऱ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि ऐंशीने गुणा. तितके मीटर तो फार तर जाईल. अडीच मिलिमीटरचा छर्रा दोनशे मीटर. डुकरासाठीचा साडेआठ मिलिमीटरचा मोठा छर्रा पावणेसातशे मीटरच्या घरात. नेमकं काम होतं ते पस्तीस-चाळीस मीटरच्या आत, पण इजा त्याच्या कितीतरी पलीकडे होऊ शकते. वाडीतली माणसं घेऊन त्या गृहस्थांशी बोला, आणि ऐकलं नाही तर पोलीस ठाण्यात कळवा. यात भीड धरू नका.

मुरूडहून एक शिक्षिका: मुलांना घेऊन जंजिऱ्याला गेलो होतो. कलालबांगडी तोफेपाशी सांगण्यात आलं की हिचा गोळा बारा किलोमीटर जायचा. मुलांनी वहीत लिहून घेतलं. हे बरोबर आहे का?

बाई, वहीतलं ते वाक्य खोडायला सांगा, पण का खोडायचं ते मुलांकडूनच काढून घ्या. फार सुंदर गणित आहे.

गोळा सेकंदाला ४५० मीटर वेगाने सुटला, ४५ अंशांच्या कोनात, आणि हवा नाहीच असं धरलं, तर तो वीस किलोमीटरच्या पलीकडे पडतो. वेगाचा वर्ग भागिले ९.८, नववीच्या मुलालाही येईल. गॅलिलिओनंतर शंभर वर्षं तोफांची कोष्टकं याच परवलयावर, म्हणजे हवा नसताना फेकलेली वस्तू जी कमान काढते तिच्यावर, आखली जात. हवा पातळ, गोळा जड, तिचा कितीसा अडथळा होणार, असं विद्वान म्हणत.

हे बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये मोडून काढलं. त्याने एक लोलक केला. लोखंडी दांड्याला टांगलेली जाड लाकडी फळी. गोळी फळीत रुतते, फळी मागे झुलते, आणि तिला बांधलेली फीत किती ओढली गेली ते मोजलं की संवेगाच्या नियमाने गोळीचा वेग निघतो. बंदुकीच्या गोळीचा वेग भरवशाने मोजायची रीत त्याआधी कोणाकडे नव्हती. मी वर्गात हेच नारळाच्या करवंटीत ओली माती भरून आणि बेचकीने सागरगोटा मारून दाखवायचे. मुलांना ते जन्मभर लक्षात राहतं. तुम्हीही करा.

रॉबिन्सने लोलक बंदुकीच्या जवळ ठेवला, मग लांब नेला. दोन्हीकडच्या वेगांत इतका फरक पडला की हिशेबच बदलला. त्याचा गोळा होता पाऊण इंचाचा, पौंडाला बारा बसणारा. वरच्या देवगडच्या वाचकांचाच आकडा! सेकंदाला १६७० फूट वेगाने जाताना त्या गोळ्याला हवेचा अडथळा दहा पौंड होत होता, गोळ्याच्या स्वतःच्या वजनाच्या १२० पट. परवलयाच्या हिशेबाने तो सोळा मैलांच्या वर जायला हवा. प्रत्यक्षात एक मैलसुद्धा गाठत नाही. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने १७४५ मध्ये हे सगळं मांडणारं रॉबिन्सचं पुस्तक जर्मनमध्ये आणलं आणि त्याला स्वतःचं भाष्य जोडलं.

तोफेचा गोळा मोठा, त्यामुळे त्याचं बरं चालतं. व्यास दुप्पट केला तर वजन आठपट होतं, हवेला भिडणारा आडवा छेद मात्र चौपटच. म्हणून तोफ बंदुकीपेक्षा लांब मारते. तरीही चोवीस पौंडी गोळ्याची तोफ दहा अंश उचलून मारली तर गोळा अडीच किलोमीटरच्या आसपास जायचा. आडवी धरून नेम धरायचा पल्ला तर तीनशे मीटरच्या आत. आपल्या समुद्रावरच्या लढायांत गलबतं एकमेकांच्या इतकी जवळ का येत, ते यावरून कळतं. दूर राहून नुसती दारू जळली असती.

रॉबिन्सचा शेवट आपल्या देशात झाला. कंपनीने त्याला किल्ल्यांच्या कामासाठी मुख्य इंजिनिअर म्हणून पाठवलं. १७५० मध्ये तो आला आणि १७५१ च्या जुलैमध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात तापाने वारला, जेमतेम चव्वेचाळीस वर्षांचा. विजयदुर्गावर तेव्हा तुळाजी आंग्रे होता. तो किल्ला इंग्रजांनी घेतला १७५६ मध्ये.

राजापूरहून: लांब नळी लांब मारते, असं जुने लोक सांगतात. खरं का?

थोडंसंच. इंग्लंडमधल्या वूलिचच्या लष्करी अकादमीतल्या चार्ल्स हटन या गणितज्ञाने १७७५ पासून खऱ्या तोफांवर प्रयोग केले. नळीची लांबी दुप्पट केली तर पल्ला फक्त एक सप्तमांशाने वाढतो, असं त्याला आढळलं. दारूचंही तसंच. दारू दुप्पट केली की वेग दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो, आणि त्यातलाही बराचसा हवा वाटेच्या पहिल्या टप्प्यातच खाऊन टाकते. ध्वनीच्या वेगाच्या आसपास आणि त्याच्या वर हवेचा अडथळा एकदम चढतो. म्हणून वर चढवलेला वेग आधी झडतो.

अलिबागहून एक विद्यार्थी: कुलाबा किल्ल्यावरच्या चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा पाहिल्या. त्यांवर यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. इतकं चांगलं ओतकाम असूनही जुन्या तोफांचा नेम लागत नसे असं वाचलं. नळी सरळ आहे, मग गोळा वाकडा का जायचा?

नळी सरळ आणि आतून गुळगुळीत असली तरी गोळा तिच्यात घट्ट बसत नसे. चोवीस पौंडी गोळ्याचा व्यास १४१ मिलिमीटर, नळीचा १४८. सात मिलिमीटरची फट हवीच, कारण गोळे गंजायचे, दारूची काजळी साचायची, आणि लढाईत तोंडातून गोळा पटकन आत सरकायला हवा. पण ही फट नळीच्या तोंडाच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ अकरावा हिस्सा होते. एवढ्या वाटेने वायू वाया जातो. शिवाय गोळा वरखाली आपटत बाहेर येतो, आणि शेवटचा टोला ज्या बाजूला बसला त्याच्या उलट बाजूला निघतो. पुढे कॅरन कारखान्याने आखूड तोफांत ही फट कमी केली, तेव्हा थोड्या दारूत चांगलं काम होऊ लागलं.

दुसरं कारण तुम्ही रोज मैदानावर पाहता. नळीला घासून निघालेला गोळा फिरत निघतो, आणि फिरणारा गोळा हवेत वळतो. रॉबिन्सने हेही दाखवलं. त्याने बंदुकीच्या नळीचं शेवटचं टोक डावीकडे वाकवलं आणि पुढे ओळीने कागदाचे पडदे लावले. गोळी आधी डावीकडे निघाली. पण ती नळीच्या उजव्या अंगाला घासून फिरत सुटली होती, म्हणून पुढच्या पडद्यांवरची भोकं उजवीकडे सरकत गेली. तोफ डागणाऱ्याला आपल्याकडे गोलंदाज म्हणत. तोच शब्द आज चेंडू वळवणाऱ्यासाठी वापरतो, तो किती चपखल बसला आहे!

तुम्ही कॉलेजात आहात, तर एक काम करा. पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा आणि दोन्ही तोफांच्या तोंडाचा व्यास मोजून नोंदवून ठेवा. खाऱ्या वाऱ्यात लोखंड पापुद्र्यांनी सुटतं. आज घेतलेलं माप वीस वर्षांनी घेता येणार नाही.

वेंगुर्ल्याहून: किल्ल्यांवर दगडी गोळे दिसतात. लोखंड असताना दगड कशाला?

स्वस्त, जवळ मिळणारा आणि हलका. काळा दगड लोखंडाच्या अडीचपट हलका, त्यामुळे दारू कमी लागते आणि तोफेवर ताण कमी येतो. पण हलका म्हणून हवा त्याला लवकर थोपवते, आणि तटावर आपटला की फुटतो. जांभ्याचा गोळा सहसा दिसत नाही, तो छिद्रांचा दगड.

कुणकेश्वरजवळच्या एका वाडीतून: जुनं घर उतरवताना माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक सापडली. गज जागेवर आहे, केपही (घाव बसला की ठिणगी पाडणाऱ्या टोप्या) खोक्यात आहेत. मुलगा म्हणतो, दिवाळीला एक बार काढून बघू. काढू का?

नाही. कृपा करून नाही. माझ्या लहानपणी एक गृहस्थ फुटलेली नळी गोणपाटात गुंडाळून बाबांकडे घेऊन आले होते. डाव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. माळ्यावरचीच बंदूक होती, आणि तिच्यात आधीचा बार तसाच होता. त्यावर त्यांनी दुसरा ठासला. बाबांनी नळी बाकावर ठेवली आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

आधी बंदूक भरलेली आहे असंच धरा. मुलांना खोलीबाहेर काढा. केपवर आपटणाऱ्या घोड्याखाली केप बसलेली दिसली तर हातही लावू नका, पोलीस ठाण्यात कळवा आणि जाणत्या माणसाला बोलवा. केप नसेल तर तोंडासमोर न येता, बाजूला उभं राहून, बांबूची बारीक काठी नळीत हळू सोडा. लोखंडी गज वापरू नका आणि ठोकू नका. काठी टेकली की तोंडाशी बोटाने धरून खूण करा. ती बाहेर काढून नळीच्या बाहेरून तशीच धरा. काठीचं टोक केप बसते त्या जागेपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार आहे. शंभर वर्षांची काळी दारूसुद्धा कोरडी राहिली असेल तर पेटते. भरलेली निघाली तर तिथेच थांबा आणि ठाण्यात कळवा. बार काढायचं काम परवाना असलेल्या कारागिराचं आहे.

रिकामी असली तरी परवाना वारसाच्या नावावर होईपर्यंत ती घरात ठेवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. जमा केल्याची पावती घ्या. त्याआधी नळीवर किंवा दस्त्यावर काही अक्षरं, गावाचं नाव, कारागिराची खूण असेल तर तिचा फोटो काढून ठेवा आणि मला पाठवा. त्यातून ती कुठे घडली असेल याचा शोध घेता येतो का, ते मी पाहते.